बोर्दोत ब्लेंडिंग पाहायचं असेल तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जूनमध्ये दोन दिवस फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशात आहात, वाइनचं ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइनची मिसळ, कसं जुळवतात ते पाहायचं आहे आणि मिसेस शाकाहारी आहेत, एवढं धरून लिहितो.

द्राक्षाच्या प्रत्येक जातीची सुटी वाइन पिंपातून चाखायची इच्छा असेल तर जून म्हणजे उशीर झाला. तिथे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. प्रत्येक जात, अनेकदा बागेचा प्रत्येक तुकडासुद्धा, वेगळा आंबवतात. एप्रिलमध्ये व्यापारी आणि समीक्षक नवी वाइन चाखायला येतात, त्याआधी बहुतेक शातोंनी, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांनी, मिसळीचं प्रमाण ठरवलेलं असतं. म्हणून नुसती फेरी घेऊ नका, 'आतेलिए दासांब्लाज' म्हणजे ब्लेंडिंगची कार्यशाळा ठेवणारी वायनरी शोधा.

जूनचा फायदा बागेत आहे. वेली फुलोऱ्यात किंवा नुकत्याच मणी धरलेल्या असतात. थंडी-पाऊस आला की मर्लो या लाल द्राक्षाची फुलगळ होते, आपल्याकडच्या बागायतदारांना हे सांगायला नको. मर्लोला पालवी लवकर फुटते, त्यामुळे एप्रिलचं दंवही त्यालाच आधी गाठतं. २०१७ मध्ये मोठा फटका बसला होता. कॅबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या लाल जातीला पालवी उशिरा फुटते आणि ती उशिरा पिकते, तिला भीती ऑक्टोबरच्या पावसाची. ब्लेंड हा चवीइतकाच पिकाचा विमा आहे. गाइडला "यंदा कुठल्या जातीचं किती गेलं?" हे जरूर विचारा, पाठ केलेलं भाषण तिथे थांबतं.

बोर्दोतल्या भागांपैकी एक दिवस मेदोकला द्या, एक सेंत-एमिलियोंला. मेदोकच्या गोट्यांच्या जमिनीत कॅबर्नेचा जोर, सेंत-एमिलियोंच्या चिकणमाती-चुनखडीत मर्लोचा. सेंत-एमिलियोंला रेल्वेने जा, स्टेशनपासून गाव चालत गाठता येतं. मेदोकमध्येही रेल्वे पोयाकपर्यंत जाते, पण शातो लांब लांब विखुरलेले आहेत. गाडी भाड्याने घेतलीत तर एकाने अजिबात प्यायची नाही; तिथली मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम आहे. दिवसाला दोनच भेटी ठेवा, सकाळी एक, दुपारी एक. दोन-तीन आठवडे आधी ईमेलने वेळ घ्या. अवचित गेलात तर बहुतेक ठिकाणी दार बंद, रविवारी तर हमखास.

कार्यशाळेत सुट्या वाइन आणि मापाची काचनळी देतात. आधी सगळ्या सुट्या चाखा, लिहून ठेवा. मर्लो गोलसर, फळांचा. कॅबर्ने सोव्हिन्यों तुरट आणि लांब टिकणारा. कॅबर्ने फ्रांला सुगंध. पेती व्हर्दो रंग आणि मसालेदारपणा देतो, पण बोर्दोत तो सहसा चार-पाच टक्क्यांच्या पुढे जात नाही. नवखे नेमके इथेच चुकतात: रंग बघून १५ टक्के ओततात आणि बाकी सगळं दबून जातं. १०० मिलीच्या नळीत ६० मर्लो, ३० कॅबर्ने सोव्हिन्यों, १० कॅबर्ने फ्रां इथून सुरुवात करा. दर वेळी एकच गोष्ट बदला, तीही पाच मिलीनेच. चाखून थुंका, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं आणि त्यात काही वावगं नाही. मध्ये पाणी आणि कोरडा पाव घ्या, चीज नको. चीजमुळे तुरटपणा जाणवेनासा होतो आणि कच्चं ब्लेंडही छान वाटतं. त्या दिवशी परफ्यूम लावू नका.

आता शाकाहाराचं. लाल वाइन निवळायला तिथे परंपरेने अंड्याचा पांढरा बलक वापरतात, २२५ लिटरच्या पिंपाला साधारण पाच-सहा अंडी. तो तळाशी बसतो आणि वाइन वरून काढून घेतात, तरी ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं. लेबलवर भरवसा नको: अंश सापडण्याइतका उरला तरच युरोपात अंड्याचा उल्लेख सक्तीचा आहे. ईमेलमध्येच "कोलाज (म्हणजे निवळणं) कशाने करता?" असं विचारा. काही जण वाटाण्याचं प्रथिन वापरतात, काही निवळतच नाहीत.

बाटल्या घेताना हिशेब करा. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत करमाफी आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरीने सव्वादोन लिटर होतात आणि ड्युटी लागते.