विसर्जनाच्या रात्री सेट का झोपले?

प्रश्न: आमच्या ऐरोलीच्या मंडळाने अनंत चतुर्दशीला ६ वॉकीटॉकी भाड्याने आणले, भाडेवाला म्हणाला १४ तास आरामात चालतील. दुपारी ३ ला मिरवणूक निघाली आणि रात्री ९ च्या आसपास एकेक सेट बंद पडत गेला, मग काय नुसती बोंबाबोंब. माझे मामा सिग्नल्समधून रिटायर झालेत, ते म्हणतात फौजेत बॅटरीचा हिशोब आधी होतो. तो कसा करतात? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: भाडेवाला खोटं बोलला नाही हो. ते १४ तास म्हणजे ५-५-९०, म्हणजे १०० मिनिटांत ५ मिनिटं बोलणं, ५ ऐकणं आणि ९० सेट नुसता चालू. सिक्युरिटी गार्डचा दिवस असा जातो, विसर्जनाचा नाही. ५ वॅटचा सेट बोलताना धरा १५०० मिलिअँपिअर खातो, ऐकताना २००, गप्प असताना ६०. या हिशोबाने तासाला साधारण १३९ जातात, २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १४ तास पुरते, बरोबर आहे.

आता तुमची रात्र बघा. एका चॅनलवर ६ जण, प्रत्येकजण १२ टक्के वेळ बोलला तर बाकी पाचांचं मिळून ६० टक्के वेळ त्याला ऐकावंच लागतं, त्यात ढोलताशात आवाज फुल्ल. तासाला ३१७ च्या आसपास, म्हणजे सव्वासहा तासांत खेळ खलास. ३ वाजता निघालात, सव्वानऊ. ऐकण्याचा खर्च कोणी धरतच नाही, तिथेच सगळे फसतात.

फौजेतही सूत्र हेच, फक्त तिकडे बोलणं, ऐकणं, गप्प याचं १:१:८ असं प्रमाण बऱ्याचदा धरतात आणि वर थंडी, जुनी बॅटरी यासाठी जास्तीचा साठा. पण मामांना सांगा, तिकडेही चुकतं. अमेरिकन सैन्याच्या पाठीवरच्या रेडिओत बीए-५५९० नावाची लिथियम बॅटरी वापरायचे, एकदा वापरून टाकून द्यायची, वजन किलोभर. शांततेत महिन्याला २०,००० सुद्धा लागत नव्हत्या आणि एप्रिल २००३ मध्ये इराकमध्ये मागणी ३ लाखांच्या वर गेली, साठा जवळजवळ संपला. आणि नुसत्या जास्त उचलून न्याव्यात तर त्या ऑपरेटरच्याच पाठीवर, १० बॅटऱ्या म्हणजे १० किलो.

तुमचं ओझं तेवढं नाही. रात्री २ पर्यंत म्हणजे ११ तास, सुमारे ३,५०० लागतील. भाड्याची बॅटरी घासलेली असते, २००० चे १६०० च धरा. म्हणजे सेटमागे ३, एक आत आणि दोन स्पेअर, एकूण १८. सगळ्या सकाळीच फुल्ल चार्ज करून घ्या आणि वापरलेली वेगळ्या पिशवीत टाका, अंधारात रिकामीच परत घातली जाते. सेटचं लायसन्सही भाडेवाल्याकडे आहे का ते विचारा. आणि हो, "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" हे १५०० च्या भावाने चाललेलं असतं बरं का.