कागदपत्रांविना अमेरिकेत गेलेल्यांवर कॉलेजात प्रदर्शन करायचंय. फोटो कुठले लावावेत, आणि असल्या कलेने काही फरक पडतो का?

फोटो लावूच नका. कुंपणाला चिकटलेलं पोर, रडणारी बाई, असलं काही लावलं की बघणारा 'अरेरे' म्हणतो आणि पुढच्या स्टॉलवर भेळ खायला जातो.

नमुना म्हणून 'होस्टाइल टेरेन ९४' बघा. मानववंशशास्त्रज्ञ जेसन डी लिऑन यांच्या अनडॉक्युमेंटेड मायग्रेशन प्रोजेक्टचं हे काम. अ‍ॅरिझोना-मेक्सिको सरहद्दीचा भिंतभर नकाशा आणि त्यावर ३,२०० च्या वर टॅग, शवागारात पायाच्या अंगठ्याला बांधतात तसले. एक टॅग म्हणजे एक माणूस, देह सापडला त्याच जागी टोचलेला. ओळख पटलेल्यांचे टॅग फिकट पिवळे, न पटलेल्यांचे नारिंगी. ९४ म्हणजे १९९४. त्या वर्षी बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने, धोरण आखलं की शहरांलगतच्या सोप्या वाटा बंद करायच्या, म्हणजे लोकांना वाळवंटातून यावं लागेल आणि वाळवंटाच्या धाकानेच ते येणं सोडतील. 'होस्टाइल टेरेन' हे शब्द त्या आराखड्यातलेच आहेत. लोकांनी येणं सोडलं नाही.

आता मुद्दा. टॅग हाताने लिहायचे. यावर माझं ज्यांच्याशी वाजलंय ते सगळे एकच म्हणतात: प्रिंटर आहे ना, तासाभरात निघतील, अक्षरही एकसारखं येईल. एकसारखं अक्षर हवंय कुणाला? इथे प्रेक्षक म्हणजे लिहिणारा. भिंतीसमोर उभा राहणारा माणूस टॅग वाचत नाही, ढीग बघतो. लिहिणाऱ्याला मात्र 'वय २३, पुरुष, कारण अनिश्चित, सांगाडा' हे एकेक अक्षर काढत लिहावं लागतं. एका टॅगला तीन मिनिटं धरा. ३,२०० टॅगांना १६० तास, म्हणजे ४० मुलं चार-चार तास बसली की झालं. एनएसएसच्या एका शिबिराइतकं हे काम. वेळ नाही ही सबब मला सांगू नका.

तुम्ही लहान करा. अ‍ॅरिझोनातल्या पिमा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) वैद्यकीय परीक्षक कार्यालयाच्या, म्हणजे मृत्यूची कारणं तपासणाऱ्या कचेरीच्या, नोंदी ह्यूमेन बॉर्डर्स ही संस्था नकाशासकट खुल्या ठेवते, तक्ता उतरवून घेता येतो. त्यातलं एकच वर्ष घ्या. तक्ता एक्सेलमध्ये नुसता दोनदा टिचकी मारून उघडू नका. स्पॅनिश नावांतली टिल्डेवाली (ñ), आघातचिन्हांची (á, é) अक्षरं बिघडतात, आणि मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं लिहिण्यापेक्षा प्रदर्शन न केलेलं बरं. 'डेटा आयात'मधून यूटीएफ-८ (अशी अक्षरं नीट जपणारी सांकेतिक पद्धत) निवडून उघडा. नावं रोमनमध्येच लिहा, देवनागरीत उतरवायच्या भानगडीत पडू नका.

रेखांश उणे असतो. उणे चिन्ह गळलं की अ‍ॅरिझोनातला ठिपका थेट चीनच्या हूपेई प्रांतात पडतो. अक्षांश-रेखांशांशेजारी जागेच्या अचूकतेचाही रकाना आहे, तो वाचा. काही नोंदी जीपीएसच्या आहेत, काहींत नुसतं ढोबळ वर्णन. ढोबळ नोंदींचे टॅग वेगळ्या दोऱ्याने बांधा, नाहीतर तुमचा नकाशा खोटं बोलेल. आणि तारीख मृत्यूची नव्हे, देह सापडल्याची नोंद झाली तेव्हाची. नवखी मुलं हमखास 'मृत्यू' लिहून मोकळी होतात.

भिंतीला सॉफ्टबोर्ड ठोका. प्रोजेक्टरने नकाशा पाडून पेन्सिलीने गिरवा आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या चौकटी आखा. टोचण्याआधी टॅग चौकटीप्रमाणे लावून घ्या, नाहीतर दोन मुलं शिडीवरून चढउतर करत बसतील. टुसान शहराच्या नैऋत्येला, तोहोनो ओओधम या मूळनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशात, टॅगांवर टॅग येतात. साध्या टाचण्या तिथे वाकतात, लांब टी-पिना आणा आणि एका पिनेत पाच-सहाच टॅग घाला. गुच्छ भिंतीपासून पुढे येतो, तो दाबून सपाट करू नका.

फरक पडतो का? १९९४ चं धोरण टॅगांनी बदललेलं नाही. ज्यांनी थोडाफार फरक पाडला ते जिवंत होते आणि स्वतः विनाकागदपत्र होते. १० मार्च २०१० ला शिकागोत तरुण मुलांनी भर चौकात नाव घेऊन सांगितलं की आमच्याकडे कागद नाहीत. १५ जून २०१२ ला डाका (DACA, लहानपणी अमेरिकेत आणलेल्या विनाकागदपत्र मुलांची हद्दपारी लांबणीवर टाकणारं धोरण) आलं, त्यात या मुलांनी आणलेल्या दबावाचा वाटा होता. चित्रकार हुलिओ सालगादो त्यांच्यातलाच. त्याने लोकांकडून फोटो आणि एकेक वाक्य मागवलं आणि भडक सपाट रंगांत चित्रं काढली, शेजारी ज्याचं त्याचं वाक्य. चेहऱ्यावर बिचारेपणा नाही. फोटोला माझा विरोध आहे तो या बिचारेपणासाठी.

'कायदा मोडून गेले, भोगा' म्हणणारे काका तुमच्याही प्रदर्शनात येतील. त्यांच्या हातात पेन द्या आणि हा टॅग लिहायला सांगा: मुलगी, वय ६, भारतातली, १२ जून २०१९, सरहद्दीवरच्या लुकव्हिल गावाच्या पश्चिमेला १७ मैल, कारण उष्माघात. आई पाणी शोधायला गेली होती. त्या दिवशी ४२ अंश होतं. आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने हद्दपार केलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते, हेही सांगा.

दोन गोष्टी राहिल्या. 'होस्टाइल टेरेन ९४' हे नाव वापरायचं असेल तर आधी प्रकल्पाला विचारा. स्वतःच्या नावाने करणार असाल तरी प्रेरणा कुठली ते लिहा. आणि गावातलं कुणी डंकीने, म्हणजे एजंटाच्या चोरवाटेने, गेलेलं माहीत असेल तर त्याची गोष्ट, अगदी नाव बदलूनही, भिंतीवर नको. गाव, वय, एजंटाला दिलेली रक्कम, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. मेलेल्यांच्या नोंदी सरकारी आहेत, जिवंतांच्या नाहीत.

पेन बॉलपेनच घ्या. जेलची शाई टॅगच्या जाड कागदावर लवकर वाळत नाही, आणि नारिंगी टॅगवर पुसट झालेलं काही वाचता येत नाही.