कडुनिंबाचा पाला घालूनही तूर आणि हरभऱ्याला भुंगे का लागतात? कोणता वनस्पतिजन्य उपाय करावा?

आपण पाला घातलात तेव्हा कीड बहुधा दाण्याच्या आत शिरलेली असावी. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या गुळगुळीत सालीवर पांढरट ठिपक्यासारखी अंडी चिकटवते, त्यांतून निघालेली अळी तिथूनच दाणा पोखरून आत जाते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडूनच बाहेर येते. उबदार हवेत हे सारे महिनाभरात उरकते. त्यातच लागण अनेकदा शेतात, शेंगा झाडावर असतानाच होते. वरून घातलेला पाला किंवा भुकटी आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी माल पातळ पसरून कडक उन्हात चांगला वाळवावा, चाळून भोके पडलेले दाणे काढावेत आणि थंड झाल्यावरच उपाय करावा.

खाण्याच्या कडधान्यासाठी मी तेलालाच पहिली पसंती देईन. किलोला 5 ते 10 मिलिलिटर खाद्यतेल दाण्यादाण्याला लागेल असे चोळले की अंड्यांना हवा मिळत नाही आणि बरीचशी अंडी मरतात. आपल्याकडे तुरीच्या डाळीला एरंडेल लावतात तेही याच कारणाने योग्य आहे, फक्त शिजवण्यापूर्वी डाळ नीट धुवावी. कडुनिंबाच्या नुसत्या पाल्यापेक्षा निंबोळीची भुकटी किंवा तेल अधिक प्रभावी असते, पण कडू चव आणि वास मागे राहत असल्याने मी ते बियाण्यापुरतेच वापरतो.

वेखंडाची भुकटी, किलोला साधारण 10 ग्रॅम, भुंगेऱ्यावर उत्तम चालते; मात्र तिच्यातील बीटा-असारोन या घटकामुळे उंदरांवरील प्रयोगांत कर्करोग झाल्याचे आढळले आहे, त्यामुळे ती खाण्याच्या धान्यात घालू नये, मग कोणी ती कितीही 'नैसर्गिक' म्हणो. सीताफळाच्या बियांची भुकटीही खाण्याच्या धान्यापासून दूर ठेवावी, शिवाय ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

राखेचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो: ती दाण्यांमधील मोकळी जागा भरून भुंग्याची हालचाल रोखते. कोरडी, चाळलेली राख भरपूर घातली तरच गुण येतो, मूठभर घालून काही होत नाही.

एवढे करून माल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरावा आणि पावसाळ्यात पंधरवड्याने डोकावून सालीवर पांढरे ठिपके दिसतात का ते पाहावे. हरभरा घरीच खायचा असेल तर शक्य तितका लवकर भरडून डाळ करून ठेवावा, कारण साल निघालेल्या डाळीला हा भुंगा अख्ख्या दाण्याच्या मानाने कमी लागतो.