दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, घरी आलो. आता काय बघायचं?

पोटाचं ऑपरेशन दुर्बिणीतून करून घरी आलेल्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : वडिलांचं (वय ६२) पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चौथ्या दिवसापासून पोट फुगलेलं, जेवण नको, मळमळ. ताप नव्हता, म्हणून गॅस समजून ओवा-हिंग देत राहिलो. आठव्या दिवशी डोळे पिवळे दिसले. सोनोग्राफीत पोटात पित्त साठलेलं निघालं. बाहेरून नळी घातली आणि ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करून स्टेंट, म्हणजे आत ठेवायची बारीक नळी, टाकला. हे आधी कळलं असतं का? स्टेंटचं पुढे काय?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बहुधा कळलं असतं, पण काय बघायचं ते घरी सोडताना तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. दोष स्वतःकडे घेऊ नका.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा पेशंट रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी दोन घास, दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी, तिसऱ्या दिवशी घरात फेऱ्या, असं. आलेली भूक पुन्हा गेली, पोट ताणलं, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, तर ‘गॅस असेल’ हा निर्णय घरात घ्यायचा नाही. त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहणं इथे फसवतं. ताज्या पित्तात बहुतेक वेळा जंतू नसतात, त्यामुळे सुरुवातीला नुसता जडपणा आणि मळमळ असते. शिवाय दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असलं की ताप दबलेला राहतो. त्यापेक्षा नाडी बघा. पाच मिनिटं शांत पडून राहू द्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. तासाभराच्या अंतराने दोनदा १००च्या वर लागली तर फोन उचला. मात्र बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. अशा माणसात तिच्यावर विसंबू नका.

गळती होते कशी? पित्ताशयाच्या नळीवर क्लिप लावून ती कापतात. नळी सुजलेली किंवा जाड असली की क्लिप नीट बसत नाही किंवा सरकते. मुख्य पित्तनलिकेत खडा राहिला असेल तर मागे दाब वाढतो आणि पित्त त्या टोकातून बाहेर येतं. कधी यकृताला पित्ताशय जिथे चिकटलेलं असतं तिथली बारीक नळी उघडी राहते. या गळत्यांना पुन्हा पोट उघडायची गरज सहसा पडत नाही. नलिकेचं आतड्यात उघडणारं तोंड नेहमी आवळलेलं असतं. स्टेंट त्यातून पार गेला की पित्ताला आतड्याकडे मोकळी वाट मिळते, भोकाकडे ते जात नाही आणि भोक आपोआप बुजतं. साठलेलं बाहेरची नळी काढते. मुख्य नलिकाच कापली गेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आतड्याचा तुकडा वर आणून नलिकेला जोडावा लागतो, आणि ते काम यकृत-पित्तमार्गाच्या सर्जननेच करायचं. पहिली दुरुस्ती हीच सर्वांत महत्त्वाची असते, तिथे घाई करू नये.

घरी नळीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या. रोज सकाळी एकाच वेळी ती मोजपात्रात रिकामी करून मिली आणि रंग वहीत लिहा. सोनेरी-हिरवट द्रव म्हणजे पित्त. आकडा उतरत जाऊन पाणी फिकट होणं चांगलं. एकदम शून्य झालं आणि पोट दुखू लागलं तर गळती थांबली असं समजू नका, नळी तुंबली किंवा मुरगळली असेल.

स्टेंट साधारण ४ ते ६ आठवड्यांनी एन्डोस्कोपीतून काढतात. ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरं वाटू लागलं की माणसं स्टेंट विसरतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो आणि मग हुडहुडी भरून ताप, कावीळ असं सुरू होतं. तसं झालं तर त्याच दिवशी ॲडमिट व्हायचं.

पोट फुगणं आणि वाढतं दुखणं यामागे आणखी घातक कारणही असू शकतं : आतड्याला झालेली इजा. सुई किंवा ट्रोकार (दुर्बीण आत घालायची टोकदार नळी) पोटात घालताना भोक पडलं तर बऱ्याचदा तिथल्या तिथे दिसतं आणि शिवता येतं. पण विजेच्या उपकरणाचा चटका आतड्याला लागला तर त्या वेळी फक्त पांढरट डाग असतो, किंवा तोही दिसत नाही. ती जागा काही दिवसांनी गळून पडते आणि भोक होतं. म्हणून पहिले दोन दिवस ठणठणीत असलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी आठवड्यानंतरही, अचानक बिघडतो. अशा वेळी सीटी स्कॅन करतात. तो नॉर्मल आला तरी माणूस खालावत असेल, तर पुन्हा दुर्बीण घालून बघणंच योग्य.

आधी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात फोन करा. पण अंग गार, घाम, नाडी १२०च्या पुढे, लघवी जवळजवळ बंद असं असेल, तर ते रुग्णालय लांब असताना तिथेच न्यायचा हट्ट धरू नका. १०८ला फोन करा आणि आयसीयू असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. डिस्चार्ज कार्ड बरोबर हवंच.

प्रश्न : बेंबीजवळची जखम छान भरली होती. पाच आठवड्यांनी तिथेच गाठ आली, आता पाण्यासारखा पू येतो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. एका डॉक्टरांनी टीबी म्हणून एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) सुरू करायला सांगितलं. करू का?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तपासणीआधी नको. भरलेली जखम तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा पुन्हा उमलते, दुखणं फार नसतं, ताप नसतो, नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. हे चित्र टीबीच्या चुलतभावांचं असतं. त्यांना ॲटिपिकल मायकोबॅक्टेरिया म्हणतात. ते नळाच्या पाण्यात राहतात आणि माणसाकडून माणसाला लागत नाहीत, घरच्यांनी घाबरायचं कारण नाही. एकेटीमधली आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड त्यांच्यावर चालत नाहीत. महिने जातात, पू येतच राहतो.

पू, आणि शक्यतो गाठीच्या भिंतीचा छोटा तुकडा, तपासायला द्या. साधं कल्चर पुरत नाही. चिठ्ठीवर एएफबी स्टेन (या जंतूंसाठीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), मायकोबॅक्टेरियाचं कल्चर आणि टीबीसाठी सीबीनॅट (जंतूची जनुकीय चाचणी) असं स्पष्ट लिहून घ्या, कारण क्वचित खरा टीबीही निघतो. यातले झपाट्याने वाढणारे जंतू साधारण आठवड्याभरात कल्चरमध्ये दिसतात. उपचारात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि सोबत संवेदनशीलता बघून दुसरं औषध असतं. एकटं औषध दिलं तर जंतू त्याला सरावतात. मुदत महिन्यांची, बऱ्याचदा ३ ते ६. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन किंवा ॲटोर्वास्टॅटिन घेत असाल तर आधी सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर स्नायूंना इजा होऊ शकते. ॲमिकासिनची इंजेक्शनं ठरली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि कान तपासत राहायचे. तरी जखम वाहत राहिली तर तो मार्ग मुळासकट कापून काढतात.

हे येतं कुठून? दुर्बिणीची हत्यारं लांब, पोकळ आणि सांध्यांची. सांध्यात रक्ताचा कण अडकतो. दोन केसेसच्या मधे ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवली की नेहमीचे जंतू मरतात, स्पोअर्स (जंतूंची कवचातली चिवट रूपं) मरत नाहीत. त्यासाठी ८ ते १० तास लागतात. मायकोबॅक्टेरियाच्या काही जाती तर या द्रावणालाही दाद देत नाहीत. वरून साध्या पाण्याने खळबळली की नवे जंतू चिकटले. हत्यार पूर्ण सुटं करून ब्रशने, एन्झाइमच्या द्रावणात धुवायचं आणि ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं (१२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, किमान १५ ते २० मिनिटं). उष्णता न सोसणाऱ्या हत्यारांना ईटीओ (एथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्माचं यंत्र. तुमचा रिपोर्ट आला की ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाला लेखी कळवा. तक्रार म्हणून नको वाटलं तरी कळवाच. त्याच आठवड्यातल्या इतर पेशंटनाही हे झालेलं असू शकतं.

प्रश्न : आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं ठरलं होतं, मधेच पोट उघडलं. सर्जनचं काही चुकलं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : फक्त एवढ्यावरून नाही. उलट बऱ्याचदा यामुळेच पित्तनलिका वाचते. पित्ताशयाची नळी म्हणून मुख्य नलिकाच कापली जाणं ही या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट चूक. हजारात तीन-चारांच्या घरात ती होते. ती टाळण्यासाठी १९९५मध्ये सर्जन स्ट्रासबर्ग यांनी नियम मांडला : पित्ताशयाची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि चिकटलेला भाग साफ करा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी व एक रक्तवाहिनी, दिसल्याशिवाय काहीही कापू नका. तीव्र सूज किंवा जुना चिकटा असला की हे दिसतच नाही. तेव्हा पोट उघडणं किंवा पित्ताशयाचा थोडा भाग ठेवून बाकीचं काढणं, हे दोन्ही शहाणपणाचे निर्णय.

ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या. कशामुळे उघडलं आणि पित्ताशय पूर्ण काढलं की काही भाग ठेवला, हे त्यात असतं. भाग ठेवला असेल तर पुढे कधी पोटात कळ आली की नव्या डॉक्टरला ते सांगावं लागेल. साधारण ६ आठवडे पाण्याची कळशी, सिलिंडर उचलू देऊ नका.

प्रश्न : ऑपरेशन पोटाचं, दुखतो उजवा खांदा. हाड तपासू का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नको. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात, दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा. उरलेला वायू आणि ताणलेला श्वासपटल यांमुळे ही कळ खांद्यात जाणवते, कारण दोन्हींच्या नसा मानेतल्या एकाच जागेतून निघतात. चाललं की दोन-तीन दिवसांत जाते. मात्र छातीत दडपण, धाप किंवा एका पोटरीत सूज असेल तर हा खुलासा लावू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : हर्नियाची जाळी दुर्बिणीतून बसवली. दहा दिवसांनी जांघेत पुन्हा तसाच फुगवटा. हर्निया परतला का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : बहुधा नाही. जुन्या पिशवीच्या जागी पाणी साचतं. झोपल्यावर आत जात नसेल, खोकताना धक्का देत नसेल आणि वर लाली नसेल, तर ४ ते ६ आठवड्यांत जिरतं, सोनोग्राफीत खात्रीही होते. सुईने काढून घ्यायची घाई करू नका, सुईवाटे जंतू जाळीपर्यंत पोहोचले तर जाळीच काढावी लागू शकते.