फुटबॉलमधला मोठा स्ट्रायकर पुढे चांगला कोच होऊ शकतो का? अगदी जुन्या काळातलं उदाहरण सांगाल?

गोल मारणाऱ्याला शिकवता येत नाही, असं सगळे म्हणतात. त्याला शंभर वर्षांपूर्वीचा अपवाद सापडतो का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर स्टीव्ह ब्लूमर. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1874 चा, इंग्लंडमधल्या क्रॅडलीचा. घरचे लोक डर्बीला आले, पोरगा लोहारकामाला लागला आणि 1892 मध्ये तिथल्या डर्बी काउंटी क्लबकडून खेळायला उतरला. अंगाने किरकोळ, चेहरा इतका पांढराफटक की टोपणनावही त्यावरूनच पडलं. खेळायचा इनसाइड राइटला, म्हणजे आघाडीच्या फळीत मधल्या खेळाडूच्या उजवीकडे. चेंडू पायाशी थांबवून, नीट बेतून मारणं हा प्रकार त्याच्याकडे नव्हता. आला की तसाच, दोन्हीपैकी कुठल्याही पायाने, जमिनीलगत सणसणीत फटका. इंग्लंडसाठी 23 सामन्यांत 28 गोल. पहिल्या दहाच्या दहा सामन्यांत गोल! लीगमध्ये 352. हा आकडा मागे टाकायला 1936 साल उजाडलं, तेही एव्हर्टनच्या डिक्सी डीनसारखा गोल मारणारा माणूस लागला.

आणि एवढं करून क्लबच्या कपाटात काय? डर्बी 1898 आणि 1899 अशी सलग दोन वर्षं एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या मोठ्या बाद-फेरी स्पर्धेची फायनल हरली. 1903 मध्ये पुन्हा फायनल गाठली, तर ब्लूमर दुखापतीमुळे बाहेर आणि बरी नावाच्या क्लबने डर्बीला 6-0 ने धुतलं. मधली चार वर्षं तो मिडल्सब्रो क्लबला होता, 1910 मध्ये डर्बीला परतला आणि 1912 मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून दिली. बस, तेवढंच.

1914 मध्ये चाळिशी गाठल्यावर बूट उतरवले. आता करायचं काय? त्या काळी इंग्लिश क्लबांत कोच हा प्रकारच जवळपास नव्हता. ट्रेनर असायचा, तो पळवायचा आणि पाय चोळून द्यायचा. आठवडाभर चेंडू दाखवलाच नाही की शनिवारी पोरं त्याच्यावर तुटून पडतील, अशी एक अजब समजूत होती. खेळ शिकवायचा असतो हे युरोपातल्या क्लबांना आधी कळलं आणि त्यांनी इंग्लिश खेळाडूंना बोलवायला सुरुवात केली. वर इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला आठवड्याला 4-5 पौंडांची मर्यादा, त्यामुळे निवृत्तीच्या वेळी गाठीला काय उरणार? ब्लूमरने बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबची नोकरी धरली आणि जुलै 1914 मध्ये तिथे पोचला. महिन्याभरात महायुद्ध पेटलं. ज्या देशात शिकवायला गेला त्या देशाचाच शत्रू ठरला.

नोव्हेंबरात जर्मनीतल्या ब्रिटिश पुरुषांची धरपकड झाली आणि त्यांना बर्लिनजवळच्या रुहलेबेनला कोंडलं. हे मूळचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. माणसं ठेवली तबेल्यांत. एका घोड्याच्या जागेत सहा-सहा जण. चार हजारांवर लोक होते, खलाशी, प्राध्यापक, व्यापारी, विद्यार्थी. त्यातच ब्लूमर, इंग्लिश खेळाडू फ्रेड पेंटलंड, लंडनच्या टॉटनम क्लबचा जुना मॅनेजर जॉन कॅमेरॉन असे अस्सल फुटबॉलवाले. एवढी मंडळी एका जागी आल्यावर व्हायचं तेच झालं: शर्यतीच्या मैदानात फुटबॉलची संघटना उभी राहिली, लीग सुरू झाली, बघायला गर्दी व्हायला लागली. उन्हाळ्यात क्रिकेट. तिथे ब्लूमरच्या नावावर 204 धावांची खेळी आहे, म्हणजे कैदेत डबल सेंचुरी! ऐकायला मजेशीर वाटतं, पण बायको-मुली डर्बीत आणि हा तिथे, अशी वर्षं गेली. 1918 मध्ये त्याला हॉलंडला जाऊ दिलं, तेव्हा कुठे तो त्या तबेल्यांतून बाहेर पडला.

कोच म्हणून त्याचं खरं काम स्पेनमधलं. 1923 मध्ये तो इरूनच्या रेआल युनियनकडे गेला. इरून हे फ्रान्सच्या हद्दीला अगदी खेटून असलेलं छोटं बास्क गाव. पुढच्याच वर्षी या संघाने स्पॅनिश कपमध्ये आधी बार्सिलोनाला घरी पाठवलं आणि फायनलमध्ये रेआल माद्रिदला 1-0 ने हरवलं. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं गोल मारून जो मोठा कप मिळाला नव्हता, तो असा परक्या देशात, मैदानाबाहेर उभं राहून मिळाला.

सगळं श्रेय मात्र मी त्याला देणार नाही. रेने पेती आणि गाम्बोरेनासारखे खेळाडू त्या संघात होते आणि 1918 मध्येही त्यांनी हाच कप जिंकला होता. तयार संघ हातात आला हे खरं. पण तयार संघाची माती करणारे कोचही आपण रोज बघतोच की.

डर्बीला परतल्यावर तो क्लबमध्येच पडेल ते काम करत राहिला. तब्येत ढासळल्यावर त्याला समुद्रप्रवासाला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे पाठवलं. परत आल्यावर काही आठवड्यांतच, एप्रिल 1938 मध्ये तो गेला. आज डर्बीच्या स्टेडियममध्ये, मैदानाच्या कडेला त्याचा अर्धपुतळा आहे.

अर्थात, निव्वळ कोचिंगवर गुण द्यायचे झाले तर त्याच कैदेतला पेंटलंड सरस ठरतो. तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा होता, तुमच्या 'स्ट्रायकर'च्या अटीत बसत नाही म्हणून मागे ठेवला. त्याने अ‍ॅथलेटिक बिल्बाओला 1930 आणि 1931 अशी लागोपाठ दोन वर्षं लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले, आणि 1931 मध्ये त्याच्या पोरांनी बार्सिलोनाला 12-1 ने हरवलं. बार्सिलोनाचा इतका मोठा पराभव त्यानंतर कुणाला करता आलेला नाही.