कणगी जमिनीतच असते
(वाचकांचे प्रश्न : पापुआच्या डोंगरातली गावं)

न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, म्हणजे पापुआत, बालीएम खोरं आहे. तिथलं वामेना शहर आणि आजूबाजूच्या डोंगरांतल्या दानी, लानी, याली या जमातींच्या वस्त्या यांच्याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : तिथली माणसं मुख्यतः रताळ्यावर जगतात असं वाचलं. मग वर्षाचं पीक साठवतात कुठे?

साठवतच नाहीत. खणून काढलेलं रताळं त्या दमट हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत सडायला लागतं, म्हणून ते जमिनीतच ठेवायचं आणि रोज लागेल तेवढंच काढायचं. सकाळी बाई टोकदार काठी घेऊन वाफ्यावर जाते, वेलाच्या बुडाशी माती उकरून फुगलेलं रताळं चाचपते, मोठं तेवढं तोडून घेते आणि बारक्यांवर माती परत लोटते. तोच वेल पुढे कित्येक आठवडे खायला देतो. रताळी नोकेनमध्ये, म्हणजे झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेल्या झोळीत भरायची आणि झोळीचा पट्टा कपाळाला लावून पाठीवरून आणायची. चांगली रताळी माणसांना, बारकी आणि धाग्याची डुकरांना.

शेतीचं खरं कसब चरांत आहे. खोऱ्याच्या तळाशी पाणी साचतं आणि ओल्यात रताळं कुजतं, म्हणून पुरुष वाफ्यांभोवती खोल चर खणतात. चरात साचलेला गाळ उपसून वाफ्यावर थापला की खतही होतं आणि तणही दबतं. चर बुजू दिला तर पहिल्याच जोराच्या पावसात वाफा बसतो. वामेना साधारण १,६०० मीटरवर आहे. तिथे पीक पाच-सहा महिन्यांत हाताशी येतं. २,००० मीटरच्या बरंच वर गेलात की त्याच वेलाला आठ ते बारा महिने लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात तो लागणार आहे.

प्रश्न : विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दव गोठून उपासमार होते, हे खरं वाटत नाही.

दुर्दैवाने खरं आहे. २०२२ मध्ये लानी जाया जिल्ह्यातल्या कुयावागेत आणि २०२३ मध्ये पुंचाक जिल्ह्यातल्या अगांदुगुमे भागात हेच घडलं. एरवी रात्री ढगांचं पांघरूण असतं. एल निन्योच्या वर्षी किंवा कोरड्या दिवसांत आभाळ निरभ्र राहिलं की जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते आणि गार, जड हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साचते. साधारण २,२०० मीटरच्या वर मग पाल्यावर दव गोठतं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की पानं काळी पडतात. वेल मेला की जमिनीतली रताळीही पाणचट होऊन नासू लागतात. म्हणजे कणगी आणि उभं पीक दोन्ही एकाच रात्रीत जातात, आणि नवं पीक येईपर्यंत जवळजवळ वर्ष काढायचं असतं.

यावर उपाय लोकांनी फार पूर्वीच शोधले आहेत. शेजारच्या पापुआ न्यू गिनी देशातल्या एंगा भागात तीन-चार मीटर रुंद आणि साधारण ६० सेंटीमीटर उंचीचे मातीचे ढीग करतात. आत गवत आणि जुने वेल पुरतात आणि नवे वेल माथ्याकडे लावतात, म्हणजे तळाशी साचलेल्या गारठ्याच्या ते वर राहतात. दुसरा उपाय सोयरिकीचा. खालच्या खोऱ्यात नातेवाईक असले की वर पीक गेल्यावर कुटुंब तिकडे उतरतं. या वाटा रिकाम्या पोटी तुडवलेल्या आहेत. त्यांना नुसतं ‘स्थलांतर’ म्हणून मोजणं मला अन्याय्य वाटतं.

प्रश्न : होनाईत, म्हणजे तिथल्या गोल गवती घरात, खिडकी का ठेवत नाहीत? धुराचा त्रास होत नसेल का?

होतो, आणि बराच होतो. खोकला आणि चुरचुरणारे डोळे तिथे घरोघरी आहेत. पण रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि अंगावर पांघरूण जेमतेम असतं. गोल घर, उभ्या फळ्यांची भिंत, जाड गवताचं छप्पर, वाकून शिरावं लागेल एवढंच दार, मधोमध धुनी आणि वर झोपायचा माळा, ही सगळी रचना ऊब धरून ठेवण्यासाठी आहे. धुरामुळे गवत कोरडं राहतं, त्यात किडे होत नाहीत. पत्र्याच्या घरात रात्री कुडकुडावं लागतं. म्हणून भिंत बदलण्याआधी धूर बाहेर काढायची सोय करायला हवी.

याच धुनीशी जोडलेली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. १९७० च्या दशकात पानियाई सरोवराजवळच्या एनारोतालीत भाजलेल्या रुग्णांची संख्या एकाएकी वाढली. माणसं झोपेत झटके येऊन धुनीत पडत होती. कारण निघालं डुकरांतल्या फीतकृमीचं. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं की कृमी आतड्यात वाढतो, पण झटके आणणाऱ्या मेंदूतल्या गाठी मांसामुळे होत नाहीत. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातातोंडावाटे पोटात गेली की त्या होतात. म्हणून मांस नीट शिजवणं हा अर्धाच इलाज. संडास, बांधलेली डुकरं आणि धुतलेले हात हा उरलेला अर्धा.

प्रश्न : दगडांवरचा स्वयंपाक नेमका कसा करतात?

नदीतले घट्ट, गोलसर दगड लाकडांच्या ढिगात दीड-दोन तास तापवायचे. पदर सुटणारा किंवा आत पाणी मुरलेला दगड तापल्यावर फुटतो आणि कपच्या उडतात, तेव्हा पोरांना लांब ठेवायचं. अर्धा मीटर खोल खड्ड्यात गवत अंथरायचं, ते काठाबाहेर भरपूर लोंबू द्यायचं. मग लाकडी चिमट्यांनी तापलेले दगड आत सोडायचे. त्यावर पाला, रताळी, पुन्हा पाला, दगड, डुकराचं मांस, नेच्याची कोवळी पानं आणि वर परत दगड. शेवटी लोंबणारं गवत आत दुमडून सगळं गाठोड्यासारखं बांधायचं आणि वर वजन ठेवायचं. तास-दीड तासात शिजतं. बिघडतं ते बहुधा वाफ निसटल्यामुळे. बाजूने धूसर वाफ दिसली की तिथे लगेच गवत कोंबतात. मांसाचे तुकडे जाड कापले तर मधले कच्चे राहतात, आणि वर सांगितलेला धोका तिथेच आहे.

प्रश्न : तिकडे फिरायला जाता येईल का?

परदेशी माणसाला ‘सुरात जालान’ हा पोलिसांचा प्रवास परवाना लागतो. तो किनाऱ्यावरच्या जयापुरा शहराकडे उतरल्यावर काढून घ्या आणि जायची सगळी ठिकाणं त्यात लिहून घ्या. काही भागांत सशस्त्र संघर्ष चालू आहे, तिथे जाऊ नका. वामेनात मलेरिया कमी असला तरी वाटेतल्या सेंतानीत, म्हणजे जयापुराच्या विमानतळाच्या गावात, बराच आहे.

प्रश्न : दव गोठून पीक गेलेल्या गावाला काय पाठवणं सर्वांत उपयोगी?

पहिले काही आठवडे तांदूळ हवाच. पण डोंगरातल्या धावपट्ट्या आखूड आणि चढावर असतात. विमान चढाकडे उतरतं आणि उताराकडे उडतं. माणसांनाही पिशवीसकट वजनकाट्यावर उभं करतात. दुपारी ढग उतरले की उड्डाणं बंद. अशा ठिकाणी प्रत्येक किलोचा हिशेब असतो आणि तांदळाचं पोतं खाऊन संपतं.

खालच्या खोऱ्यातून वेलांचे शेंडे न्यावेत. हातभर लांबीचे शेंडे घ्यायचे, खालची पानं काढायची, जुड्या बांधून ओल्या पाल्यात गुंडाळायच्या आणि दोन-तीन दिवसांत लावायच्या. उन्हात राहिल्या तर सुकतात, गच्च गोणीत कोंबल्या तर तापून सडतात. रताळ्याची जात मात्र गावातल्या बायकांना विचारून निवडावी. वरच्या गारठ्यात कुठली तग धरते ते त्यांना एकेका जातीच्या नावानिशी माहीत असतं.