मालक गप्प बसला तर

अहो, मालकाचं उत्तर आलं नाही म्हणजे केस जिंकली असं धरून चालू नका. इंग्लंडात एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांचं न्यायाधिकरण, तुमचा दावा त्याला पाठवतं आणि उत्तराला २८ दिवस देतं. मुदत टळली की न्यायाधीश सुनावणीशिवायही निकाल देऊ शकतात, पण त्यासाठी दाव्याच्या अर्जात आकडे हवेत. ‘पगार दिला नाही’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या आठवड्याचे, किती तास, किती पौंड, सगळं लिहा. नाहीतर रक्कम ठरवायला तारीख पडते. मालकाचं नाव मात्र दुकानाच्या पाटीवरचं नको, पे-स्लिपवरचं घ्या आणि कंपनीज हाउसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, ताडून बघा. चुकीच्या नावाचा निकाल वसूल करताना घाम फुटतो.

निकालानंतर काही मालक जागे होतात, ‘कागद मिळालाच नाही’ म्हणून फेरविचार मागतात. कारण पटलं तर केस पुन्हा उघडते, म्हणून पुरावे जपून ठेवा.

पैसे ट्रायब्युनल वसूल करून देत नाही, तो खटाटोप तुमचाच. १४ दिवसांत रक्कम आली नाही तर ८ टक्के व्याज लागतं. मग काउंटी कोर्ट (तिथलं स्थानिक दिवाणी कोर्ट) किंवा हायकोर्टाचे वसुली अधिकारी. कंपनी बुडतेय अशी कुणकुण लागली तर मात्र अजिबात थांबू नका.